गोधडी, डग्गा आणि उणे चौदा

रात्री एक वाजता पंखा बंद केला, फ्रिजचा प्लग काढला आणि वहिनीनं जात्यावरच्या चालीतलं गाणं म्हटलं. पेटी आत्याची, तिच्या लग्नाआधीची. तबला-डग्गा दुपारीच वाजवून घेतला होता, शेजाऱ्यांच्या झोपेचा विचार करून. बास मी कीबोर्डवरून दिला. आठवड्यानं गाणं ऑनलाइन चढवलं, मोबाइलवर लावलं आणि चेहरा पडला. आधीच्या गाण्यातला तबला ठणठणीत वाजत होता. आमचं गाणं मात्र गिच्च भातासारखं, शीत न् शीत एकमेकाला चिकटलेलं. खरं तर आवाज जितका वाढवता येईल तितका मी वाढवला होता.

चूक तिथंच होती, पण ती कळायला वेळ लागला.

मास्टरिंग हा शब्द तबकडीच्या जमान्यातला. ध्वनिमुद्रण झालं की एक माणूस ते मूळ तबकडीवर कोरायचा. बास फार झाला तर खाच रुंद व्हायची, सुई उडी मारायची. म्हणून तो कारागीर बास आवरायचा, तार स्वर सांभाळायचा, एका बाजूच्या गाण्यांची पातळी जुळवायचा. आज खाच नाही, सुई नाही. पण सगळे आवाज एकत्र जुळवून झाले, म्हणजे मिक्सिंग संपलं, की तयार गाण्यावर शेवटचा हात फिरवायचा, हे काम उरलंच आहे. कुकरची शिट्टी किंवा बेसूर जागा या टप्प्यावर निघत नाही. त्यासाठी परत गावं लागतं.

सीडी आली आणि मोठ्या आवाजाची शर्यत लागली. मोठं ते कानाला चांगलं वाटतं, म्हणून जो तो लिमिटर लावून, म्हणजे उंच शिखरं दाबून, आवाज छताला भिडवू लागला. मेटॅलिकाचा 2008चा ‘डेथ मॅग्नेटिक’ हा अल्बम इतका ठासून भरलेला निघाला, की त्याच गाण्यांची ‘गिटार हिरो’ या व्हिडिओ गेममधली आवृत्ती चाहत्यांना जास्त मोकळी वाटली.

आता ही शर्यत निदान ऑनलाइन तरी निरर्थक झाली आहे. गाणं कानाला सरासरी किती मोठं लागतं ते लफ्स या एककात मोजतात. शून्य म्हणजे छत, बाकी सगळं उण्यात. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला प्रत्येक गाणं उणे 14च्या आसपास आणतं, ॲपल म्युझिकचं साउंड चेक उणे 16च्या. यूट्यूब मोठ्या गाण्याचा आवाज उतरवतं, लहानाचा चढवत नाही. माझं गाणं उणे 7 होतं, म्हणजे ते 7 डेसिबलनं खाली आलं. लिमिटरनं आधीच चेपलेला तबल्याचा ठोका छतापासून 7 डेसिबल खाली जाऊन बसला. उणे 12वर ठेवलेलं गाणं फक्त 2नं उतरतं, त्याचा ठोका उंचच राहतो. मी तबल्याचा जीव घेतला आणि बदल्यात काहीच मिळालं नाही. म्हणून उणे 14 गाठायचंच असंही नाही. गाणं कुठं चेपलं जायला लागतं ते ऐकायचं आणि तिथं थांबायचं.

दुसरी चूक खोलीची. माझ्या समोरच्या आणि मागच्या भिंतीत 10 फूट अंतर. एवढ्या अंतरात 56-57 हर्ट्झची लाट नेमकी अडकते आणि मधोमध तिचा आवाज जवळजवळ नाहीसा होतो. गाणं काळी पाचचं, बासचा षड्ज 58 हर्ट्झचा, आणि माझी खुर्ची बरोब्बर मध्यावर! बास ऐकू येईना, म्हणून मी वाढवत गेलो. मित्राच्या गाडीत लावलं तेव्हा दाराचं प्लॅस्टिक थरथरलं. खुर्ची समोरच्या भिंतीपासून पावणेचार फुटांवर आणली, खर्च शून्य. भिंतींवर गोधड्या टांगल्या, त्यानं टाळीचा खणखणाट गेला. बास मात्र गोधडीला दाद देत नाही. वीस फुटांची लाट ती, चार बोटं जाडीच्या कापडाला काय जुमानणार?

तेव्हा पैसे असतील तर ते आधी ऐकण्यावर घाला: बरे हेडफोन, मग स्पीकर. सॉफ्टवेअरला पैसे लागतातच असं नाही. ऑडॅसिटी फुकट आहे. रीपर 60 दिवस वापरून बघता येतं, मग व्यक्तिगत परवाना 60 डॉलरचा. टीडीआर नोव्हा हा इक्वलायझर, लाउडमॅक्स हा लिमिटर, यूलीनचा लफ्स-मीटर, तिघांच्याही मोफत आवृत्त्या मिळतात आणि एका गाण्याला त्या पुरून उरतात.

दुसऱ्या खेपेला मी मिक्सिंगनंतर दोन दिवस गाणं ऐकलंच नाही. मग लिमिटरशिवायची 24 बिटची वेव्ह फाइल घेतली आणि शेजारी आवडीचं एक तयार गाणं ठेवलं, दोन्हींचा आवाज सारखा करून; नाहीतर मोठं असेल तेच जिंकतं. 30 हर्ट्झच्या खालचं कापलं. वहिनीच्या ‘सासर’ आणि ‘चूल’मधले स नि च कानात टोचत होते, ते 6 हजार हर्ट्झच्या आसपास, तेही फक्त टोचतील तेवढ्यापुरते दाबले. मोठ्या-बारीक आवाजातलं अंतर कमी करणारा कॉम्प्रेसर जेमतेम दीड डेसिबल. लिमिटरचं छत उणे 1वर, कारण पुढं फाइल लहान करताना शिखरं थोडी उसळतात आणि जागा नसेल तर फाटतात. मीटर उणे 13 दाखवत होता. मग हळू आवाजात, मोठ्या आवाजात, मोबाइलवर, गाडीत. हळू ऐकताना बास कमी वाटतो, पण तो कानाचा स्वभाव. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933मध्येच मोजून ठेवलेला. त्याला भुलून बटण फिरवू नये.

लँडरसारख्या सेवा 2014पासून हे काम यंत्राकडून करून देतात. बँडलॅबवर तर फुकट. मीही एकदा फाइल टाकून पाहिली. निकाल वाईट नव्हता, पण बारीक आवाज वर उचलताना पेटीच्या भात्याची फसफस वहिनीच्या श्वासापेक्षा मोठी झाली. भाता किती ऐकू यावा हे यंत्राला कोण सांगणार? दोन पैसे हाताशी असतील तर ते पूर्ण अल्बमऐवजी एखाद्या गाण्यासाठी जाणत्या माणसाला द्यावेत आणि त्यानं काय केलं ते विचारून घ्यावं. त्याचे कान तुमच्या खोलीत बसून बिघडलेले नसतात.

चढवताना गायिकेचं, गीतकाराचं नाव सगळीकडे एकाच स्पेलिंगनं द्या. वितरक गाण्याला 12 अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक देतो, तो जपून ठेवा. गाणं दुसरीकडे हलवलं तर तोच लागतो.

नवी फाइल आत्याला पाठवली. तिनं ती फोनच्याच स्पीकरवर, भाजी निवडताना ऐकली.

“भात्याला अजून तेच भोक आहे का रे?” तिनं विचारलं.