विश्लेषण : ओव्हरडोस झाल्यास पहिली काही मिनिटे का महत्त्वाची?

हेरॉइन, मॉर्फिन, फेंटानिल अशा अफूवर्गीय पदार्थांची मात्रा जास्त झाली की श्वास मंदावतो. तो थांबला तर काही मिनिटांतच मेंदूला इजा होते. त्यामुळे रुग्णवाहिका येईपर्यंत जवळचा माणूस काय करतो, हे निर्णायक ठरते.

कसे ओळखाल?
हाक मारून, हलवूनही प्रतिसाद नाही. श्वास संथ किंवा घरघरता. ओठ, नखे निळसर. डोळ्यांच्या बाहुल्या अगदी बारीक.

काय करावे?
लगेच १०८ वर फोन करा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, थांबला असेल तर सीपीआर द्या. उलटी करायला लावू नका, एकटे सोडू नका.

नॅलॉक्सोन काय करते?
हे औषध अफूवर्गीय पदार्थांचा परिणाम तात्पुरता रोखते. दारूच्या नशेवर त्याचा उपयोग नाही. त्याचा असर ३० ते ९० मिनिटांत ओसरतो, म्हणून रुग्णालय गाठावेच लागते. अमेरिकेत मार्च २०२३ मध्ये त्याच्या नाकात मारायच्या स्प्रेला चिठ्ठीविना विक्रीची परवानगी मिळाली. तेथे सामान्य नागरिकही तो वापरायला शिकतात. भारतात ते मुख्यतः रुग्णालयांत इंजेक्शनने देतात.

जीव वाचल्यावर पुढे?
काही काळ नशा सुटली की शरीराची सहनशक्ती घटते. अशा वेळी जुनीच मात्रा घेतली तर ती जीवघेणी ठरू शकते. या टप्प्यावर त्याच वाटेने गेलेल्यांचा आधार मोलाचा असतो. पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘मुक्तांगण’मध्ये व्यसनमुक्त झालेले अनेक जण आज कार्यकर्ते आहेत. मदतीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन : १४४४६.