पाणबुड्याचा श्वास

अंदमानातील स्वराज द्वीप (२०१८ पर्यंतचे हॅवलॉक) येथे सुट्टीत जाणारे पुष्कळ लोक केवळ किनाऱ्यावर समाधान मानीत नाहीत. पाठीवर टाकी बांधून ते प्रवाळांच्या बागा पाहावयास समुद्रात उतरतात. या टाकीत शुद्ध प्राणवायू असतो, असा समज सर्वत्र आढळतो. तो खरा नव्हे. तीत आपली नेहमीचीच हवा, वातावरणाच्या सुमारे २०० पट दाबाने कोंबलेली असते. भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा पाणबुड्यास श्वास घेताच मिळावी, अशी झडप १९४३ साली फ्रान्समध्ये कूस्तो व गान्यां यांनी सिद्ध केली.

हा दाबच सारे काही ठरवितो. दर १० मीटर खोलीस एका वातावरणाचा दाब वाढतो. म्हणून १० मीटरांवर भरून घेतलेला श्वास रोखून कोणी वर आला, तर बॉइलच्या नियमाप्रमाणे ती हवा पृष्ठभागी दुप्पट जागा मागते आणि फुप्फुसे फाटण्याची भीती असते. ‘श्वास कधीही रोखू नका’ हा पहिला पाठ त्यासाठीच! दुसरे संकट नत्रवायूचे. खोल पाण्यात तो रक्तात अधिक विरघळतो. माणूस घाईने वर आला की सोडावॉटरची बाटली उघडावी तसे त्याचे बुडबुडे होतात, सांधे ठणकतात, प्रसंगी अंग लुळे पडते. यास्तव मिनिटास सुमारे ९ मीटरांहून अधिक वेगाने वर येत नाहीत, ५ मीटरांवर तीन मिनिटे थांबतात, आणि परतीचे विमानही त्याच दिवशी धरीत नाहीत. कारण उंचावर विमानातील दाब जमिनीवरच्याहून कमी असतो.