कासव झोपलं नव्हतं

(बोललेल्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना दोन-तीन आकडे अडखळले होते, ते इथे नीट लिहिलेत.)

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, की पाठीमागे अधूनमधून प्लायवूडवर काहीतरी घासल्यासारखा आवाज येतो तो कसला? तो पैलवान. ३४ किलोचं सुलकाटा जातीचं कासव, माझ्या मामाचं. मामा वसईचं बैठं घर विकून मुलाकडे कॅनडाला गेला आणि पैलवान कसारा घाट चढून, घोटी-सिन्नरमार्गे आमच्याकडे संगमनेरला आला. आज त्याच्या पहिल्या हिवाळ्याबद्दल बोलायचंय, कारण त्यात मी त्याला जवळजवळ घालवला होता.

आधी कायद्याचं, म्हणजे कुणाचा गैरसमज नको. आपल्याकडचं पाठीवर चांदण्या असलेलं तारा कासव घरात ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. वास्तूसाठी म्हणून कुणी 'छोटंसं आणून देतो' म्हणालं तरी घेऊ नका. सुलकाटा परदेशी जात आहे. तिलाही मोकळं रान नाही, २०२४ च्या नियमांनुसार परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. आमचे कागद मामाच्या नावावरून माझ्या नावावर करताना जी धावपळ झाली तो वेगळ्या भागाचा विषय आहे.

तर सुलकाटा हे सहाराच्या दक्षिण काठावरचं, सेनेगलपासून इथिओपियाच्या बाजूपर्यंत सापडणारं कासव. बेटांवरची महाकाय कासवं सोडली तर जगातलं सगळ्यात मोठं जमिनीवरचं कासव हेच. तिथे ते लांबलचक बीळ खणतं. वर दिवसा भाजतं, रात्री गार पडतं, पण बिळाच्या तळाशी तापमान फारसं हलत नाही. हे बीळ लक्षात ठेवा, शेवटी तिथेच यायचंय.

वसईत थंडी म्हणजे रात्री सतरा-अठरा अंश. संगमनेर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, आभाळ स्वच्छ, हवा कोरडी. डिसेंबरात दुपारी टी-शर्टवर फिरता येतं आणि पहाटे पारा दहाच्या आसपास. मला वाटलं, एवढं काय, सेन्सर लावू. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याला ठेवला, वर मोठा इन्फ्रारेड बल्ब टांगला, तापमानाचा सेन्सर छताच्या अँगलला बांधला आणि फोनवर आलेख. रात्रभर २६, २७, २७. हिरवी रेघ. मी खूश.

पंधरा दिवसांत पैलवानाने खाणं सोडलं. कोपऱ्यात डोकं घालून बसायचा. आई म्हणाली, "झोपलंय रे ते, थंडीत कासवं झोपतातच. उठवू नको." मीही नेटवर बघितलं, तर इंग्लंडमधल्या गिल्बर्ट व्हाइट या पाद्र्याची गोष्ट सापडली. १७८० साली त्याच्याकडे टिमोथी नावाचं कासव आलं. दर नोव्हेंबरला ते बागेत स्वतःला पुरून घ्यायचं आणि वसंतात वर यायचं. झालं, माझी खात्री पटली. पण टिमोथी भूमध्य समुद्राकडच्या जातीचं होतं. तिथे खरी थंडी पडते, म्हणून त्या जातींना शीतनिद्रा जमते. सुलकाटाच्या मुलखात तसा हिवाळाच नाही. त्याला ती कळ बसवलेलीच नाही. ते थंडीत झोपत नाही, बंद पडत जातं.

नाकातून बुडबुडा आला तेव्हा कळलं. शेजारच्याच्या कांद्याच्या वजनकाट्यावर ठेवला, तर साडेएकतीस किलो. त्याच दिवशी पुण्याला नेला. श्वसनमार्गाचा संसर्ग, फुप्फुसात उतरायच्या बेतात. डॉक्टरांनी सांगितलेली एक गोष्ट मला आजवर माहीत नव्हती. कासवाची फुप्फुसं पाठीच्या कवचाला लागून, वरच्या बाजूला असतात आणि आपल्यासारखा पडद्याचा स्नायू नसतो. त्यामुळे त्याला खोकून कफ बाहेर टाकता येत नाही. साचला की साचला. पुढच्या पायात इंजेक्शनं सुरू झाली, पण डॉक्टरांचं म्हणणं, आधी ऊब. शरीर गार असेल तर औषध नीट लागू पडत नाही, प्रतिकारशक्ती चालत नाही आणि पोटातलं गवत पचायच्या ऐवजी कुजतं.

पण माझा आलेख तर २७ दाखवत होता! कोडं सोडवलं ते पोल्ट्रीवाल्या मित्राने. संगमनेरात पोल्ट्रीवाला मित्र नसलेला माणूस शोधून दाखवा. तो शेडमध्ये आला, वर सेन्सरकडे बघितलं आणि हसला. "भाऊ, तू पत्र्याचं टेंपरेचर मोजतोयस. आम्ही ब्रूडरमध्ये थर्मामीटर पिलाच्या पाठीच्या उंचीला लावतो. आणि तेही खरं धरत नाही, पिलं बघतो. बल्बखाली गोळा झाली की गारठलीत, लांब पळाली की तापलीत." सेन्सर खाली, फरशीपासून वीतभर उंचीवर आणला. त्या रात्री तीन वाजता तिथे १४ अंश होते. गरम हवा वर, पत्र्यातून बाहेर. मी आकाश तापवत होतो.

दुसरी चूक बल्बची. लहान कासवाला वरून बल्ब चालतो. मोठ्याची पाठ बल्बच्या जवळ येते, उष्णता एकाच ठिकाणी पडते, कवच तिथे भाजतं आणि पोट मात्र गारच. शिवाय आकाराचं गणित बघा. लांबी दुप्पट झाली की पृष्ठभाग चौपट होतो पण वस्तुमान आठपट. म्हणून मोठं कासव गार व्हायला वेळ घेतं, हे चांगलं. पण एकदा गार झालं की गरम व्हायलाही तेवढाच वेळ. सकाळी दोन तास ऊन मिळालं म्हणून आतपर्यंत ऊब गेली असं होत नाही. गंमत म्हणजे वीज फार लागत नाही. कासवाच्या शरीरात उष्णता साठायची क्षमता पाण्यापेक्षा थोडी कमी धरली, तर ३४ किलोला १६ वरून २८ अंशांवर न्यायला साधारण ०.४ युनिट पुरतं. तेवढी वीज इस्त्री वीस-पंचवीस मिनिटांत खाते. प्रश्न विजेचा नाही, ती हळूहळू, सगळीकडून आणि रात्रभर पोचवण्याचा आहे.

म्हणून मग बीळ. शेड तापवायची सोडली आणि शेडच्या आत पेटी केली. चार बाय चार फूट, अडीच फूट उंच. बाहेर प्लाय, मध्ये दोन इंच थर्माकोल, आत पुन्हा प्लाय. खालीही थर्माकोल, कारण फरशी सगळ्यात जास्त ऊब ओढते. थर्माकोल उघडा ठेवायचा नाही, एक तर पैलवान खाईल, दुसरं म्हणजे तो पेट घेतो. दाराला शीतगृहाला असतात तशा जाड प्लास्टिकच्या पट्ट्या. उष्णतेसाठी भिंतीवर पसरट हीट पॅनेल, प्रकाश न देणारं, पुढे लोखंडी जाळी, कारण हा प्राणी वाटेत आलेलं सगळं बुलडोझरसारखं ढकलतो. वायर पाइपातून, लाइनवर गळती झाली की तोडणारा स्विच. थर्मोस्टॅट २६ ला चालू, २८ ला बंद, सेन्सर कवचाच्या उंचीला. बाहेर १० अंश असताना सरासरी शंभर वॉटच्या आसपास लागतात. आधी शेडमध्ये कितीतरी जास्त जाळूनही १४ होते. आणि शंभर वॉट म्हणजे रात्री लाइट गेली तरी घरचा इन्व्हर्टर सात-आठ तास ओढतो. आमच्याकडे याला फार किंमत आहे.

रात्री बाहेरून कडी पक्की. ऊस जवळ आहे, बिबट्या येऊन गेल्याचे ठसे आम्ही दोनदा बघितलेत.

दिवसाचं वेळापत्रक साधं. ऊन तापल्याशिवाय, म्हणजे साडेनऊ-दहाच्या आधी, दार उघडायचं नाही. ऊन थेट हवं. आईने व्हरांड्यात काचेमागे ठेवून बघितलं, पण कवच-हाडांसाठी लागणारा अतिनील भाग काच अडवते. खाणं दुपारीच, म्हणजे पचायला उष्ण तास मिळतात: हरळी, मारवेल, सुकं गवत, काटे काढलेलं निवडुंगाचं फड. लसूण घास अगदी थोडा. पोळी आणि केळं बंद, यावरून घरात अजून वाद आहे. आठवड्यातून दोनदा भर दुपारी कोमट पाण्याच्या टबात वीस मिनिटं, नंतर पुसून कोरडा. ऊब असताना थोडी ओल चालते, गार आणि ओलं एकत्र आलं की छाती भरते. संध्याकाळी कवच हाताला गरम लागतंय तोवर आत.

इंजेक्शनं संपल्यावर अकराव्या दिवशी त्याने पहिली हरळी तोडली. वजन मार्चमध्ये परत ३४ वर आलं. आलेख अजून आहे फोनवर, पण आता सकाळी आधी पेटीत हात घालून त्याच्या पोटाखालची फळी चाचपतो, मग फोन. आज रेकॉर्डिंगआधी फळी गरम होती आणि पैलवान दारावर डोकं आपटत होता, साडेनऊ वाजले होते म्हणून. तोच आवाज तुम्ही ऐकलात.