बातम्या सांगता सांगता

फेब्रुवारी १९८७. स्वित्झर्लंडच्या दूरचित्रवाणीवर रात्रीच्या मुख्य बातम्या चालू होत्या. निवेदक चार्ल्स क्लेर एड्सविरोधी मोहिमेची बातमी देत होते. सांगता सांगता त्यांनी एक कंडोम घेतला आणि स्वतःच्या बोटावर चढवून दाखवला. काही सेकंदांचेच काम, पण आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे समोर बसलेले असताना झालेले.

वीस वर्षांपूर्वी युरोपात लैंगिक शिक्षण मिळत होते ते चित्रपटगृहाच्या अंधारात. पश्चिम जर्मनीच्या आरोग्य मंत्रालयाने १९६७ मध्ये ‘हेल्गा’ नावाचा चित्रपट काढला. एका तरुणीचे गरोदरपण आणि शेवटी प्रत्यक्ष बाळंतपण, असा साधा विषय. लाखो लोकांनी तो तिकीट काढून पाहिला. बाळंतपणाच्या दृश्याला प्रेक्षक भोवळ येऊन पडत, आणि त्यांत पुरुष बरेच असत, असे तेव्हाच्या वर्तमानपत्रांनी लिहिले. (प्रसूतिगृहात काम केलेल्यांना याचे नवल वाटणार नाही.) पण ज्याला पाहायचे नव्हते, तो घरी बसू शकत होता.

एड्सने ही सोय काढून घेतली. १९८१ मध्ये पहिले रुग्ण नोंदले गेले. लस नव्हती, खात्रीचा उपचारही नव्हता. हातात औषध होते ते एकच, माहिती. ती प्रत्येकापर्यंत जायची तर घरातल्या टीव्हीवाचून मार्ग नव्हता. अडचणी मात्र होत्याच. फ्रान्समध्ये कंडोमच्या जाहिरातीवरची कायद्याची बंदी उठली ती १९८७ च्या सुरुवातीला, म्हणजे विषाणू पॅरिसच्याच पाश्चर संस्थेत सापडल्यावर चार वर्षांनी.

ब्रिटनने वाट निवडली ती भीतीची. फुटणारा पर्वत, दगडावर छिन्नीने कोरला जाणारा ‘एड्स’ हा शब्द आणि जॉन हर्ट यांचा खर्जातला आवाज. जाहिरात अंगावर काटा आणणारी होती. पण संसर्ग टाळायचा कसा, हे तीत जवळजवळ नव्हतेच. ते घरोघरी पाठवलेल्या पत्रकात होते. त्यातल्या उघड मजकुराबद्दल पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांना शंका होत्या. आरोग्यमंत्री नॉर्मन फाउलर यांनी तरीही ते रेटून नेले, हे बरेच झाले. कारण निव्वळ भीतीचा एक दोष डॉक्टरांना चांगला ठाऊक असतो. ज्याला धोका नाही तो घाबरून तपासणीला धावतो आणि ज्याला आहे तो तोंड लपवतो. क्लेर यांचे बोट त्या मानाने अधिक उपयोगी. वस्तू कशी दिसते, कशी वापरायची, हे कळले आणि कुणी घाबरलेही नाही.

दरम्यान दूरचित्रवाणीही बदलत होती. जर्मनीत १९८४ पासून खासगी वाहिन्या आल्या. त्यांतल्या एकीवर एरिका बर्गर या सल्लागार बाई प्रेक्षकांच्या लैंगिक जीवनातल्या शंकांना फोनवर थेट उत्तरे देऊ लागल्या. प्रेक्षकाच्या हाती आता वाहिनी बदलण्याचे बटण होते. गंभीर चेहऱ्याचा सरकारी उपदेश त्याच्यापुढे टिकणे कठीण.

तिथल्या आरोग्य शिक्षण केंद्राने हे ओळखले. दशक संपता संपता त्यांची एक जाहिरात आली. किराणा दुकानात एक लाजरा गृहस्थ बाकीच्या सामानात कंडोमचे पाकीट दडवून गल्ल्यापाशी येतो. गल्ल्यावरची बाई, विनोदी अभिनेत्री हेला फॉन सिनेन, ते पाकीट हातात घेऊन सहकारी टीनाला सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारते, कंडोम केवढ्याला? त्या गृहस्थाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे असे होते. जर्मन लोकांना मात्र तो प्रश्न इतका आवडला की त्या पिढीच्या तोंडी तो अजून आहे.