सॅल्यूटचा तळहात

दर 26 जानेवारीला आणि 15 ऑगस्टला तिरंग्याच्या चित्रांबरोबर माझ्या फोनवर एक मजकूर येतो. शाळेच्या ग्रुपवरून येतो, नातेवाइकांच्या ग्रुपवरून येतो, आणि आठवडाभराने कोणीतरी 'छान माहिती, नक्की वाचा' म्हणून पुन्हा पाठवतो. मजकूर असा: लष्करातला जवान तळहात समोर उघडा ठेवून सॅल्यूट करतो, कारण त्याला सांगायचे असते की माझ्या हातात शस्त्र नाही, माझ्यावर विश्वास ठेवा. नौसैनिक तळहात जमिनीकडे वळवतो, कारण जहाजावरच्या कामाने त्याचे हात वंगणाने काळे झालेले असतात आणि ते वरिष्ठांना दाखवायचे नसतात. आणि हवाई दलाचा हात 45 अंशांत असतो, कारण त्यांना आकाशात झेप घ्यायची असते.

यंदा आमच्या सोसायटीच्या झेंडावंदनाला प्रमुख पाहुण्यांनी हेच भाषण म्हणून वाचून दाखवले. टाळ्या पडल्या. मी बटाटेवडा खात गप्प बसलो. सोसायटीत अजून राहायचे आहे. इथे तसे बंधन नाही.

तिन्ही दलांचे सॅल्यूट वेगळे आहेत, हे अगदी खरे. घोटाळा आहे तो त्या प्रत्येक 'कारण'नंतरच्या वाक्यात. शेवटच्यापासून सुरुवात करू, कारण ते सगळ्यात सोपे आहे.

भारतीय हवाई दलाची स्थापना 8 ऑक्टोबर 1932 ची. त्यानंतर 70 हून जास्त वर्षे हवाई दलातली माणसे लष्करासारखाच, तळहात समोर ठेवून सॅल्यूट करत होती. 1965 चे युद्ध त्यांनी त्याच सॅल्यूटनिशी लढले आणि 1971 चेही. 45 अंशांचा नियम आला तो मार्च 2006 मध्ये. तेव्हाच्या वर्तमानपत्रांत तो छापून आला होता: उजवा हात समोरून, सगळ्यात जवळच्या वाटेने झटक्यात वर न्यायचा आणि तळहात जमिनीशी 45 अंशांत ठेवायचा. लष्कर आणि नौदल यांच्या मधला मार्ग, असे त्याचे वर्णन झाले. म्हणजे ही कवायतीतली सुधारणा. आता आकाशातली झेपच दाखवायची असेल, तर 2006 पर्यंत आपले वैमानिक काय जमिनीवरून विमाने ढकलत होते?

आणि आकाश तर सगळ्यांचे एकच. ब्रिटनचे रॉयल एअर फोर्स आजही त्यांच्या लष्करासारखाच तळहात समोर दाखवते. अमेरिकेत लष्कर, नौदल आणि हवाई दल या तिघांचाही तळहात खालच्या बाजूला. मग अमेरिकेच्या पायदळातला शिपाईही वंगणाचे हात लपवतो म्हणायचे का? हा प्रश्न मी एकदा ग्रुपवर विचारला होता. उत्तरादाखल मला दोन जोडलेले हात आणि एक फुलांचा गुच्छ आला.

आता लष्कराचा उघडा तळहात. 'शस्त्र नाही' ही कथा युरोपातही फार लोकप्रिय आहे. तिची आणखी एक शाखा आहे: चिलखत घातलेले सरदार भेटले की शिरस्त्राणाची पडदी वर उचलून चेहरा दाखवायचे, त्याचाच हा अवशेष म्हणे. सरदारांची चिलखते कधीच गेली आणि हाताने करायचा सॅल्यूट ब्रिटिश पलटणींच्या आदेशांत दिसू लागतो तो अठराव्या शतकात. मधली शतके ही परंपरा कुठे दडून बसली होती, ते कोणी सांगत नाही.

कागदावर जे सापडते ते फारच साधे आहे. वरिष्ठ समोर आला की टोपी काढायची, ही युरोपातली सर्वसामान्य रीत. शिपाईही तेच करत. 1745 मध्ये इंग्लंडच्या कोल्डस्ट्रीम गार्ड्स या पलटणीत हुकूम निघाला की अधिकाऱ्याजवळून जाताना वा त्याच्याशी बोलताना टोपी काढायची नाही, फक्त हात टोपीला लावून वाकायचे. 1762 मध्ये रॉयल स्कॉट्स पलटणीच्या आदेशात त्याचे कारणही दिले आहे: टोप्या सारख्या काढल्या-घातल्याने त्यांचा आकार बिघडतो आणि झालर मळते. तेव्हा यापुढे हात झटक्यात टोपीपर्यंत न्यावा, एवढे पुरे. विश्वास, नि:शस्त्रता, शौर्य यांतले काहीही नाही. धोब्याच्या आणि टोपीवाल्याच्या बिलाची काळजी आहे.

टोपीचा हा धागा आपल्याकडे अजून जिवंत आहे. आपल्या सैन्यात उघड्या डोक्याने सॅल्यूट करत नाहीत. डोक्यावर टोपी, बेरे किंवा पगडी नसेल तर सावधान उभे राहून 'जय हिंद' म्हणतात. हिंदी सिनेमातला नायक मात्र केस उडवत खाडकन सॅल्यूट ठोकतो आणि थिएटरमधल्या एखाद्या माजी सैनिकाच्या कपाळावर आठ्या पडतात. हात रिकामा आहे एवढेच दाखवायचे असते, तर टोपी असली काय नि नसली काय!

आणि मुळात ही रीत आपल्याकडे कंपनी सरकारच्या पलटणींबरोबर आली. त्याआधी इथे मुजरा होता, जोहार होता, रामराम होता. रामराम तर अजूनही कित्येक पलटणींत चालतो. 'राम राम साब' ऐकले की ओळखावे, माणूस फौजेतला आहे.

राहिले नौदल. इथे मला थोडे नरमाईने घेतले पाहिजे, कारण ही कथा निदान ऐकायला तरी पटते. शिडांच्या जहाजांवर दोरखंड पाण्याने कुजू नयेत म्हणून त्यांना डांबर लावत आणि ते हाताळणाऱ्यांचे तळवे काळे होत, ही वस्तुस्थिती. ब्रिटिश खलाशाचे टोपणनावच 'जॅक टार', म्हणजे डांबरवाला. कथा ब्रिटिश नौदलात जन्मली आणि वारशाने आपल्याकडे आली. कोणी तिच्यात राणी व्हिक्टोरियालाही घालतो: राणी जहाजावर आली, खलाशाचा घाणेरडा तळहात बघून तिने नाक मुरडले, वगैरे.

राणीचा संबंध आहे, पण तो वेगळा. नौदलात टोपी काढण्याची जुनी रीत लष्करापेक्षा कितीतरी जास्त टिकली. ती बंद होऊन नुसत्या हाताचा सॅल्यूट उरला तो 1890 मध्ये. आपल्यासमोर माणसे बोडक्या डोक्याने उभी राहिलेली राणीला आवडत नसत, असे त्याचे कारण सांगतात. तेव्हा इथेही वाद टोपीचाच होता, तळव्याचा नव्हता. शिवाय 1890 पर्यंत ब्रिटिश आरमार वाफेवर आले होते. आणि डांबर खलाशी हाताळत, अधिकारी नव्हेत; मग पांढरे शुभ्र हातमोजे चढवलेला अॅडमिरलही तळहात खालीच का ठेवतो? तो काय लपवतो आहे?

टोपीची कड धरून ती किंचित उचलून बघा, घरात कोणाची क्रिकेटची टोपी असेल तर तीच घ्या. तळहात आपोआप खाली आणि आत वळतो. लष्करी कवायतीत हात बाजूने लांबच्या वाटेने वर जातो, तिथे तळहात समोर येतो. यापलीकडे कारण हवेच असेल तर मीही एक रचून देतो: जहाजाच्या चिंचोळ्या वाटांत हात बाजूने फिरवला तर शेजाऱ्याच्या नाकावर बसेल. पटले ना? पुरावा माझ्याकडेही शून्य आहे. ही असली कथा रचायला दीड मिनिट लागते, आणि खोडायला मला आतापर्यंत अर्धा लेख लागला.

नौदलाच्या सॅल्यूटमधला खरा चमत्कारिक तपशील त्या मजकुरात कधीच नसतो. 1923 पर्यंत ब्रिटिश नौदलात डाव्या हातानेही सॅल्यूट चालत असे. आपल्याकडे डाव्या हाताने प्रसाद घेतला तरी आजी हातावर चापट मारते.

दलादलांतल्या बाकीच्या समजुती एका दमात उरकतो.

नौदलाचा कॅप्टन आणि लष्कराचा कॅप्टन सारखे नव्हेत. नौदलाच्या कॅप्टनची बरोबरी लष्करात कर्नलशी आणि हवाई दलात ग्रुप कॅप्टनशी. लष्करी कॅप्टनचा नौदलातला जोडीदार नुसता लेफ्टनंट. मुलीचे स्थळ बघताना एवढे लक्षात ठेवावे. मेजर लेफ्टनंटपेक्षा मोठा, पण लेफ्टनंट जनरल मेजर जनरलपेक्षा मोठा. कारण मेजर जनरल हे पद मुळात सार्जंट-मेजर-जनरल होते आणि पुढचा सार्जंट गळला.

लाइट इन्फंट्री म्हणजे दुय्यम किंवा हलक्या दर्जाचे पायदळ नव्हे. चपळाईने पुढे सरकणाऱ्या तुकड्यांचे ते नाव, आणि मराठा लाइट इन्फंट्रीचे संचलन अजूनही इतर पायदळापेक्षा जलद असते. याच रेजिमेंटची 'काली पाचवी' ही पाचवी बटालियन नसून दुसरी आहे. पाचवा हा तिचा जुन्या मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीतला क्रमांक. आजची पाचवी वेगळीच, तिला 'रॉयल' म्हणतात. आणि फौजेत मराठा जवानाला 'गणपत' म्हणतात ती शिवी नव्हे, लाडाची हाक आहे.

खलाशाच्या निळ्या कॉलरवरच्या तीन पांढऱ्या रेघा ब्रिटिश अॅडमिरल नेल्सनच्या तीन विजयांच्या नाहीत आणि गळ्यातला काळा रुमाल त्याच्या सुतकाचा नाही. ब्रिटिश खलाशांना एकसारखा गणवेशच मिळाला 1857 मध्ये, नेल्सन गेला 1805 ला. काळे रुमाल तर तो जिवंत असतानाही वापरात होते.

मिलिटरी छापाचा टी-शर्ट घातला म्हणजे तुरुंग, असे नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 168 प्रमाणे गुन्हा आहे तो सैनिक नसताना, लोकांना आपण सैनिक वाटावे या हेतूने सैनिकी पोशाख घालण्याचा. लष्कराने जानेवारी 2022 मध्ये आणलेला नव्या छापाचा गणवेश मात्र बाजारातून घेऊ नये. त्या नक्षीचे हक्क लष्कराने नोंदवून ठेवले आहेत.

ब्रिटिश नौसैनिक लष्करातल्या माणसाला 'पोंगो' म्हणतात. जिथे जवान तिथे दर्प, म्हणून पोंगो, असे हसत सांगतात, कारण बोली इंग्रजीत 'पाँग' म्हणजे दुर्गंध. पण पोंगो हे वानराचे जुने नाव. ओरांगउटानच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव आजही तेच आहे. दर्प मागाहून चिकटवलेला.

आणि तिन्ही दलांचे एकमेकांशी पटत नाही, हा समज तर खडकवासल्यातच मोडतो. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत तिन्ही दलांचे छात्र तीन वर्षे एकाच स्क्वाड्रनमध्ये राहतात, एकत्र 'रगडा' खातात. (पॅटिसबरोबरचा नव्हे. हा कोपरे-गुडघे सोलून काढणारा असतो.) तिथली खुन्नस स्क्वाड्रन विरुद्ध स्क्वाड्रन. नौदल विरुद्ध लष्कर हा खेळ नंतरचा.

तो खेळ मी आमच्या सोसायटीतच बघतो. पहिल्या मजल्यावर लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार काका, तिसऱ्यावर नौदलातले. झेंडावंदनाचे भाषण संपल्यावर मी दोघांना विचारले, तळहाताचे खरे कारण काय? सुभेदार काका म्हणाले, "आम्ही सॅल्यूट करतो. हे लोक डोळ्यांवर हात धरून बोट कुठे गेली ते शोधतात." तिसऱ्या मजल्यावरचे शांतपणे वड्याला चटणी लावत म्हणाले, "आणि हे हात दाखवतात, ज्योतिषाला दाखवतात तसा." हवाई दलाचे आमच्याकडे कोणी नाही, म्हणून मग दोघांनी मिळून त्यांना धरले.