बुद्ध मशीन वाजते तेव्हा आपण काय ऐकतो?

बुद्धांचे नाव असलेला एखादा नवा अल्बम किंवा वस्तू बाजारात आली, की आपल्या समाजात दोन प्रतिक्रिया लगेच उमटतात. काहींना आनंद होतो, तथागतांचे नाव जगभर पोहोचले म्हणून. काहींना राग येतो, आमच्या शास्त्याच्या नावावर धंदा मांडला म्हणून. दोन्ही प्रतिक्रिया समजण्यासारख्या आहेत. पण दोन्हींमध्ये एक गोष्ट राहून जाते. ती वस्तू वाजते तेव्हा तिच्यातून काय ऐकू येते, इकडे फारसे कोणी लक्ष देत नाही.

या लेखात आम्ही अशा एका संगीताबद्दल लिहीत आहोत, ज्याच्याशी आपल्या बहुतेक वाचकांचा संबंध आलेला नसेल. त्याला इंडस्ट्रियल किंवा प्रायोगिक इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणतात. त्यात गाणे नसते, बऱ्याचदा ताल नसतो, ओठांवर रेंगाळेल अशी चाल तर नसतेच. यंत्राची घरघर, टेपची खरखर, तासभर चालणारा एकच सूर, असा सगळा मामला. पण गेल्या पन्नास वर्षांत या संगीताने बौद्ध परंपरेकडून पुष्कळ काही घेतले आहे. कधी नुसते नाव घेतले, कधी साधना घेतली. हा फरक ओळखता आला, तर राग कुठे धरायचा आणि कान कुठे द्यायचा हे ठरवणे सोपे जाते.

कारखान्याचा आवाज संगीत कसा झाला?

१९४८ साली पॅरिसच्या रेडिओत काम करणाऱ्या पिएर शेफर या अभियंत्याने आगगाडीच्या इंजिनांचे आणि डब्यांचे आवाज ध्वनिमुद्रित केले, ते जोडले आणि संगीतरचना म्हणून रेडिओवर ऐकवले. त्याची आणखी एक युक्ती महत्त्वाची आहे. तबकडीवरची खाच आत सरकत जाण्याऐवजी त्याने ती गोलात बंद केली. सुई त्याच खाचेत फिरत राहिली आणि तोच आवाज पुन्हा पुन्हा येत राहिला. आज ज्याला सगळे 'लूप' म्हणतात, त्याची एक सुरुवात इथे आहे.

पुढे १९७५ मध्ये लंडनमध्ये 'थ्रॉबिंग ग्रिसल' नावाचा चार जणांचा गट उभा राहिला. जेनेसिस पी-ऑरिज, कोझी फॅनी टुटी, पीटर क्रिस्टोफरसन आणि ख्रिस कार्टर हे ते चौघे. त्यांनी स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली आणि तिला नाव दिले 'इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स'. नावात टोमणा होता. संगीतसुद्धा कारखान्यातल्या मालासारखे तयार होते आणि विकले जाते, मग ते उघड का बोलू नये? या नावावरूनच 'इंडस्ट्रियल म्युझिक' हा प्रकार ओळखला जाऊ लागला. मोठ्या कंपन्यांना यात रस नव्हता. म्हणून अशा कलावंतांनी घरीच कॅसेट भरल्या, हाताने लेबले चिकटवली आणि टपालाने एकमेकांना पाठवल्या. 'अंडरग्राउंड' म्हणतात ते हेच. आज कॅसेटच्या जोडीला इंटरनेट आले आहे, पण पद्धत तीच आहे: थोड्या प्रती, थोडे श्रोते, मधला मोठा व्यापारी नाही.

वाद्य घेतले, साधना राहिली

१९८०च्या सुमारास या मंडळींच्या हाती तिबेटी वाद्ये लागली. त्यांतले एक होते कांगलिंग. मांडीच्या हाडापासून बनवलेली ही तुतारी तिबेटी परंपरेत अहंकाराच्या छेदनाच्या साधनेत वापरली जाते. हे शरीर आज ना उद्या असेच हाड होऊन उरणार आहे, याची ती आठवण. पी-ऑरिज यांच्या पुढच्या 'सायकिक टीव्ही' या गटाने ही तुतारी वाजवली. 'करंट ९३' या गटाच्या प्रमुखाने तर तिबेटी बौद्ध परंपरेच्या ओढीने 'डेव्हिड टिबेट' हेच नाव घेतले.

यातल्या प्रत्येकाच्या मनात काय होते ते आम्ही सांगू शकत नाही. कोणाचा अभ्यास खराही असेल. पण रेकॉर्ड ऐकणाऱ्या सर्वसाधारण श्रोत्यापर्यंत काय पोहोचले? एक भयावह, गूढ आवाज. मरणानुस्मृतीचे साधन होते, ते अंगावर काटा आणण्याचे साधन झाले. साधनेतून वस्तू काढून घेतली की असे होते.

प्लास्टिकच्या डबीतले बुद्ध

आता त्या मशीनकडे येऊ. चीन, तैवान आणि पूर्व आशियातल्या अनेक बौद्ध घरांत एक छोटी प्लास्टिकची डबी असते. तिला चिनी भाषेत 'न्यान-फो-ची' म्हणतात, म्हणजे बुद्धस्मरण करणारे यंत्र. आत एक चिप असते आणि ती अमिताभ बुद्धाचे नाव किंवा सुत्तपठण अखंड वाजवत राहते. कोणी ती आजाऱ्याच्या उशाशी ठेवतात, कोणी दुकानात.

बीजिंगमध्ये राहणारे दोन संगीतकार, मूळचे अमेरिकन क्रिस्तियान विराँ आणि चिनी झांग ज्यान, यांनी 'एफएम ३' या नावाखाली २००५ मध्ये याच धर्तीची डबी काढली. फरक एवढाच, की आत मंत्राऐवजी त्यांचे स्वतःचे नऊ लूप होते. प्रत्येक लूप मिनिटभरही चालत नाही, संपला की पुन्हा सुरू होतो. गाणे बदलायला एक बटण, आवाजाला एक चाकती, आत छोटा स्पीकर. नाव ठेवले 'बुद्धा मशीन'. ब्रायन इनोंसारख्या नामवंत संगीतकारानेही ती विकत घेतली आणि अल्बम म्हणून निघालेली ही डबी जगभर गेली.

ही डबी स्वस्त भागांची आहे, त्यामुळे दोन डब्यांचा सूर अगदी तंतोतंत एक नसतो. एक किंचित चढी, दुसरी किंचित उतरी. बर्लिनचे रॉबर्ट हेन्के, जे 'मोनोलेक' या नावाने ओळखले जातात, त्यांनी २००६ मध्ये याच डबीच्या आवाजांचे थर रचून 'लेअरिंग बुद्धा' हा अल्बम केला. दोन डब्या शेजारी ठेवून एकच लूप लावा. सुरुवातीला दोघी जवळजवळ बरोबर चालतात, मग हळूहळू एकमेकींपासून सरकतात. तेच लूप, तीच डबी, पण प्रत्येक क्षणी ऐकू येणारा आवाज वेगळा. अनिच्च समजावून सांगायला याहून सोपे खेळणे मिळणे कठीण.

पुढे २००९ मध्ये एक गंमत झाली. थ्रॉबिंग ग्रिसलने विराँ यांच्या मदतीने स्वतःची अशीच डबी काढली, 'ग्रिसलिझम' नावाची, तेरा लूप असलेली. भिंतीपलीकडे कारखाना चालू असावा तसा तिचा आवाज. म्हणजे पूर्व आशियातल्या श्रद्धाळू घरात नामस्मरण करणारी डबी चार वर्षांत लंडनच्या कर्कश संगीताचे पात्र बनली. बुद्धांचे नाव गळून पडले, डबी राहिली.

मग हा अपमान आहे का?

हा प्रश्न आपल्या वाचकांच्या मनात येणारच. नावाचा बाजार कसा असतो याचे उदाहरण वेगळे आहे. १९९६ मध्ये पॅरिसमध्ये 'बुद्धा बार' नावाचे मद्यालय-रेस्तराँ उघडले आणि १९९९ पासून त्याच नावाने संगीताच्या सीडी निघू लागल्या. सुरामेरयापासून दूर राहण्याचे शील देणाऱ्या शास्त्याची भव्य मूर्ती, आणि तिच्यासमोर मद्याचे प्याले. इंडोनेशियातल्या बौद्धांनी याच्या जकार्ता शाखेविरुद्ध आंदोलन केले, ते न्यायालयात गेले आणि २०१० मध्ये न्यायालयाने ती शाखा बंद करण्याचा आदेश दिला. हा लढा योग्य होता असे आमचे मत आहे.

पण बुद्धा बार आणि बुद्धा मशीन यांना एकाच काठीने हाणू नये. एका ठिकाणी बुद्ध ही सजावट आहे. दुसऱ्या ठिकाणी नाव त्या नामस्मरणाच्या डबीवरून आले आहे, आणि ऐकणाऱ्याला निदान एका जागी बसून एका आवाजाकडे लक्ष द्यावे लागते. नाव वापरले की नाही एवढ्यावर निकाल देऊन चालणार नाही, कारण सर्वात खोल नाते ज्या संगीतात आहे तिथे बुद्धांचे नाव मोठ्या अक्षरांत कुठेच नाही.

एलियान रादिग यांचा मार्ग

१९३२ मध्ये पॅरिसमध्ये जन्मलेल्या एलियान रादिग यांनी शेफर आणि पिएर आन्री यांच्याकडे काम शिकले. पुढे त्यांनी एआरपी २५०० हा मोठा सिंथेसायझर घेतला, पण त्याची पेटीसारखी पट्टी घेतलीच नाही. बोटांनी सूर छेडायचे नव्हतेच. बटणे अगदी सावकाश फिरवत, एकाच दीर्घ सुरात होणारे सूक्ष्म बदल त्या टेपवर उतरवत.

तंबोरा ऐकलेल्याला हे लगेच कळेल. दोन तारा जवळजवळ एका सुरात आल्या, पण पूर्ण जुळल्या नाहीत, की आवाजात एक मंद हेलकावा येतो. एकीची कंपने सेकंदाला १०० आणि दुसरीची १०१ असतील, तर दर सेकंदाला एक हेलकावा. रादिग यांचे संगीत अशा हेलकाव्यांवर उभे आहे.

सत्तरच्या दशकात अमेरिकेत त्यांची रचना ऐकून काही विद्यार्थ्यांनी त्यांना सांगितले की तुमचे संगीत तिबेटी ध्यानपरंपरेच्या जवळचे वाटते. त्यांनी शोध घेतला आणि तिबेटी बौद्ध गुरू पावो रिंपोछे यांच्या त्या शिष्या झाल्या. काही वर्षे त्यांनी संगीत बाजूला ठेवून साधना केली. नंतर गुरूंनीच त्यांना संगीताकडे परत पाठवले. त्यातून मिलारेपा या तिबेटी योग्यावरच्या रचना झाल्या आणि १९८८ ते १९९३ या काळात 'त्रिलोजी द ला मोर', म्हणजे मृत्यूवरच्या तीन रचना. हे काम चालू असतानाच त्यांच्या मुलाचा अपघाती मृत्यू झाला. जवळपास तीन तासांच्या त्या संगीतात रडणे नाही, विलापाची चाल नाही. एक सूर येतो, टिकतो, बदलतो, विरतो. केव्हा बदलला ते कळत नाही. बदलला आहे एवढेच उशिरा कळते.

इथे परंपरेतून वस्तू घेतलेली नाही, दृष्टी घेतली आहे. कांगलिंग वाजवणाऱ्या रेकॉर्डमध्ये आणि रादिग यांच्या टेपमध्ये हाच फरक आहे.

धम्म काय सांगतो?

संगीत आणि धम्म यांच्याबद्दल पाली साहित्यात स्पष्ट बोललेले आहे. उपोसथाच्या अष्टशीलांत नृत्य, गीत, वादन यांपासून त्या दिवसापुरते दूर राहायचे असते. गृहस्थाच्या पंचशीलांत अशी अट नाही. अंगुत्तर निकायातल्या गीतस्सर सुत्तात भिक्खूंनी धम्म लांबलचक गाण्याच्या सुरात म्हणण्याचे पाच दोष सांगितले आहेत. म्हणणारा स्वतःच्या आवाजावर भाळतो, ऐकणारे त्या आवाजावर भाळतात, सूर घोळवण्याच्या नादात समाधी भंगते, लोक नावे ठेवतात आणि पुढची पिढी तेच गिरवते. मात्र विनयात साध्या स्वरातल्या पठणाला, सरभञ्ञाला, परवानगी आहे. म्हणजे हरकत आवाजाला नाही. आवाज अर्थाच्या आड येतो तेव्हा हरकत आहे.

दुसरीकडे सोण भिक्खूची गोष्ट आपल्याला पाठ आहे. तो गृहस्थ असताना वीणा वाजवत असे. अतिश्रमाने तो खचला, तेव्हा तथागतांनी त्याला वीणेच्या तारांवरूनच समजावले. फार ताणली तर वाजत नाही, सैल सोडली तरी वाजत नाही. वादकाचा कान त्याच्या मुक्तीच्या कामी आला. आणि बाहियाला केलेल्या उपदेशाचा गाभाही हाच आहे, की ऐकताना फक्त ऐकावे, त्यावर आपली आवड-नावड, आपला 'मी' चढवू नये.

आपल्या घरातली डबी

हा सगळा विषय परदेशातला वाटेल, पण अशी डबी आपल्याही घरात आली आहे. सकाळी मोबाईलवर किंवा स्पीकरवर बुद्धवंदना लावून आपण चहा ठेवतो, डबे भरतो, कामाला निघतो. घरात मंगल वातावरण राहते हे खरे. पण महिन्याभराने मुलाला विचारा, तिसऱ्या शिलाचा अर्थ काय? त्याला चाल येत असेल, अर्थ येईलच असे नाही. गीतस्सर सुत्तातला धोका तो हाच, फक्त गाणाऱ्याच्या जागी यंत्र आले आहे.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. बुद्धांच्या नावाने नवे संगीत निघाले, की निषेधाचा मजकूर लिहिण्याआधी ते एकदा ऐकावे. त्यातून लक्ष जागे होते की गुंगी येते, हे पाहावे. नाव नुसते सजावटीला असेल तर जरूर विरोध करावा, जकार्ताच्या बौद्धांसारखा सनदशीर मार्गाने. जिथे एखादा कलावंत प्रामाणिकपणे ऐकायला शिकवतो, तिथे त्याचा धर्म किंवा देश न विचारता दाद द्यावी.

आणि तोच निकष घरातल्या स्पीकरला लावावा. वंदना लावायची असेल तर आठवड्यातून एक दिवस तरी सगळ्यांनी समोर बसून, पुस्तिका उघडून, पालीखालचा मराठी अर्थ एकेक ओळ मोठ्याने वाचावा. त्यानंतर यंत्र बंद करून आपल्याच आवाजात म्हणावे. सूर चुकला तरी चालेल.