मासे गेले, वारा राहिला!

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचे ग्रिम्सबी एके काळी मासेमारीसाठी जगभर गाजलेले बंदर. १९७६ साली आइसलंडची २०० मैलांची हद्द ब्रिटनला मानावी लागली, नि येथले बहुतेक ट्रॉलर कायमचे धक्क्याला लागले.

तोच धक्का पाहायला मी गेलो, तो काय! दुरुस्तीच्या बोटी भरसमुद्रातल्या पवनचक्क्यांकडे निघालेल्या! हॉर्नसीचा पहिला प्रकल्पच १७४ चक्क्यांचा. किनाऱ्यापासून १२० किलोमीटर आत.

वारा कुठे नाही? पण येथला समुद्र उथळ. डॉगर बँकेवर तर काही ठिकाणी पाणी जेमतेम १५ मीटर. म्हणून खांब तळात रोवता येतात. पाती जवळच हलमध्ये घडतात. बंदर तर तयारच होते.

गेलेले सगळे रोजगार परतले नाहीत, हे खरे. पण रुसलेल्या समुद्राने गावाला पुन्हा हाक मारली, हे पाहून मी सुखावलो.